कामावर ई-सिगारेट ओढली म्हणून नोकरी गेली तर?

कॉल सेंटरच्या जिन्यात, कारखान्याच्या स्वच्छतागृहात किंवा मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये ई-सिगारेट ओढताना एखादा कामगार कॅमेऱ्यात दिसतो. दुपारी त्याला एचआरच्या खोलीत बोलावले जाते. या वस्तूवर देशात बंदी आहे, पोलिसांत दिले तर आयुष्य वाया जाईल, त्यापेक्षा राजीनामा लिहून दे, असे सांगितले जाते. तो घाबरून सही करतो. कंत्राटी असेल तर एवढेही होत नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर गेटवरच ओळखपत्र काढून घेतो. घरी आल्यावर आपल्याच वस्तीतले लोक म्हणतात, पंचशील मोडले, आता भोगावेच लागणार.

या प्रसंगात फौजदारी कायदा, नोकरीचे नियम आणि धम्मातले शील यांची गल्लत झालेली असते. त्या सुट्या करून पाहिल्या तर कामगाराची चूक चूकच राहते, पण त्या चुकीला कोणती शिक्षा देता येते आणि ती कोणत्या रीतीने, हे वेगळे दिसू लागते. आपल्या समाजातले अनेक तरुण आज बीपीओ, गोदामे, हाउसकीपिंग, सुरक्षारक्षक, डिलिव्हरी अशा कामांत आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

बंदी नेमकी कशावर आहे

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर त्याने बंदी घातली. व्याख्या बरीच रुंद आहे. एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ ओढण्यासाठी तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट, मग त्यात निकोटिन असो वा नसो. ई-हुक्काही त्यात येतो. त्यामुळे "माझ्या पेनमध्ये नुसता फ्लेवर होता" हा बचाव चालत नाही.

विक्री किंवा आयात करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र ओढणाऱ्या माणसाला शिक्षा देणारे स्वतंत्र कलम या कायद्यात नाही. एचआरच्या खोलीत दाखवली जाणारी तुरुंगाची भीती बहुतेक वेळा या फरकावर पांघरूण घालते. पण वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. परदेशातून आणली, सहकाऱ्यांसाठी मागवली, मित्राला एक विकली, अशा गोष्टी वापराच्या पलीकडे जातात. माफीनामा लिहिताना भावनेच्या भरात असे काही लिहून देणे म्हणजे ज्याचा आरोपच नव्हता त्याची कबुली देणे.

दुसरा कायदा २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, म्हणजे कोटपा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला त्याने बंदी केली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणेही त्या यादीत आणली. दंड दोनशे रुपयांपर्यंत. या कायद्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखूच्या धूम्रपानाची आहे, त्यामुळे निकोटिनचे द्रव तापवणारी ई-सिगारेट त्यात बसते की नाही यावर वाद घालता येतो. वाद जिंकला तरी फार फायदा नाही आणि हरला तरी दोनशे रुपयेच. नोकरी जाते ती या दोन्ही कायद्यांमुळे नाही; ती जाते नोकरीच्या नियमांमुळे. म्हणून खरे लक्ष तिकडे द्यायला हवे.

ज्या गैरवर्तनाचा उल्लेख नाही, त्याची शिक्षा नाही

मोठ्या आस्थापनांत कामगाराच्या वागणुकीचे नियम "स्थायी आदेश" या नावाने लिहिलेले असतात. कोणते वर्तन गैरवर्तन, त्याला शिक्षा काय, चौकशी कशी करायची, हे मालकाने आधी लिहून प्रमाणित करून घ्यायचे आणि कामगारांना माहीत करून द्यायचे, असे बंधन १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने घातले. तो कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्याआधी मालकाची मर्जी हाच नियम असे. आज आपण "मला लेखी दाखवा" असे म्हणू शकतो, त्याची मुळे तिथे आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. तिच्यानुसार ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच स्थायी आदेशांचे बंधन आहे. महाराष्ट्रात पूर्वी हा आकडा ५० होता. लहान आस्थापनांतल्या कामगारांचे यात नुकसान झाले आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. त्यांच्यासाठी नेमणूकपत्र आणि कंपनीचे लेखी धोरण हाच आधार उरतो. म्हणून कामाला लागतानाच त्यांची प्रत घेऊन ठेवावी.

ग्लॅक्सो लॅबोरेटरीज विरुद्ध मेरठचे कामगार न्यायालय या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशांत ज्या वर्तनाचा गैरवर्तन म्हणून उल्लेख नाही, त्यासाठी शिक्षा देता येत नाही. मालकाला नंतर सुचलेले गैरवर्तन चालत नाही. आता आपला मुद्दा तपासा. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत मालकाने मनाई केलेल्या जागी धूम्रपान करणे किंवा थुंकणे हे गैरवर्तनात मोडते. "धूम्रपान" या शब्दात वाफ ओढणे येते का? कंपनीच्या धोरणात ई-सिगारेटचा वेगळा उल्लेख आहे का? मनाईची पाटी होती का, आणि ती कामगाराला कळेल अशा भाषेत होती का? आरोपपत्राला उत्तर देताना हे प्रश्न विचारायलाच हवेत. अनेक कंपन्यांनी आता धोरणात ई-सिगारेट, व्हेप हे शब्द स्पष्ट घातले आहेत. तिथे हा बचाव लंगडा पडतो आणि शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न पुढे येतो.

एकीकडे कॅन्टीन, दुसरीकडे कॉकपिट

जुलै २०१८ मध्ये एअर चायनाचे विमान हाँगकाँगहून दालियनला निघाले होते. विमानात १५३ प्रवासी आणि ९ कर्मचारी. सहवैमानिकाने कॉकपिटमध्येच ई-सिगारेट ओढली. वाफ प्रवाशांच्या कक्षात जाऊ नये म्हणून पंखा बंद करायला गेला आणि चुकून वातानुकूलन बंद केले. आतला हवेचा दाब घटला, प्रवाशांसमोर ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले आणि विमान ३५,००० फुटांवरून १०,००० फुटांपर्यंत झपाट्याने खाली आणावे लागले. कंपनीने संबंधितांना नोकरीवरून काढले. त्यावर कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली एका वेगळ्या प्रकरणाचा निकाल लागला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एका महिलेने शाळेच्या आवारात ई-सिगारेट ओढल्याची तक्रार झाली. शिस्तभंगाची सुनावणी होण्याआधीच तिने राजीनामा दिला आणि मग, मला नोकरी सोडायला भाग पाडले, असा दावा केला. न्यायाधिकरणाने तिचा दावा फेटाळला, कारण राजीनामा तिचा होता. मात्र शाळेच्या धूम्रपान धोरणात ई-सिगारेटवर मनाईच नव्हती, त्यामुळे तिला काढून टाकले असते तर ती बडतर्फी न्याय्य ठरवणे अवघड गेले असते, असा सूर निकालात होता. परदेशातला निकाल आपल्या न्यायालयांना बांधत नाही. पण राजीनामा देण्याची घाई कशी महाग पडते याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक प्रकरणे असतात. पेट्रोल साठ्याजवळ, रंगकामाच्या विभागात किंवा ज्वलनशील वायू असलेल्या जागी ई-सिगारेट काढली तर तिची तापणारी तार आणि लिथियम बॅटरी हा खरा धोका आहे. "आगच नव्हती" हे उत्तर तिथे पोरकट ठरते. रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा शाळेत मुलांसमोरही गांभीर्य वाढते. पण गोदामाच्या मागे मोकळ्या जागेत सुट्टीच्या वेळात ओढलेली वाफ आणि या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

प्रमाणाचा हा विचार महाराष्ट्राच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा राज्याचा कायदा सांगतो की, किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्या गैरवर्तनाचे स्वरूप आणि कामगाराची आधीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक वाटावी इतकी जास्त शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धुडकावून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकणेही त्यातच येते. आठ वर्षे स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला पहिल्याच वाफेसाठी घरी पाठवले असेल, तर ही तरतूद त्याच्यासाठीच आहे.

शिवाय आपल्याकडचे वास्तव पाहा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी विदर्भात खर्रा आणि इतरत्र मावा, गुटखा तोंडात ठेवून सुपरवायझरपासून साहेबापर्यंत सगळे काम करतात आणि कोणाची नोकरी जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर लोकसभेच्या सभागृहातच एका सदस्याने ई-सिगारेट ओढल्याचा आरोप झाला. एकाच चुकीसाठी एकाला समज आणि दुसऱ्याला बडतर्फी मिळाली असेल, तर हा भेदभाव चौकशीत मांडता येतो. सारख्याच आरोपातल्या दोघांना वेगळ्या मापाने शिक्षा देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या राजेंद्र यादव प्रकरणात सांगितले आहे. कोणाला सोडले आणि कोणाला काढले, त्या दोघांची नावे-आडनावे काय, हे आपल्या लोकांनी जरूर टिपून ठेवावे.

विनयाची मोजपट्टी

आता शीलाचा मुद्दा. पाचवे शील मद्य आणि प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव या दोन्हींत नाही. निकोटिन दारूसारखी शुद्ध हरपवत नाही. पण सवय इतकी घट्ट लावते की तासाभराने हात खिशाकडे जातोच. तृष्णा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उपकरण नाही. त्यामुळे उपासकाने ती सोडावी, याबद्दल मला शंका नाही. पण शील हे स्वतः ग्रहण केलेले शिक्षापद असते. ते मोडले म्हणून पगार कापण्याचा किंवा पोट मारण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही आणि शेजाऱ्यालाही नाही.

भिक्खुसंघाची शिस्त तर कारखान्यापेक्षा कितीतरी कडक. तिथे काय नियम होता ते पाहण्यासारखे आहे. थेरवाद परंपरेत भिक्खूंसाठी २२७ नियम आहेत. त्यातले फक्त चार पाराजिक, म्हणजे मोडताच संघातून कायमचे बाहेर. मद्यपान त्या चारांत नाही. सागत नावाचे भिक्खू कोसंबीत लोकांनी दिलेले मद्य पिऊन नगरद्वाराशी कोसळले, तेव्हा तथागतांनी मद्यपान निषिद्ध ठरवणारा नियम घातला. पण तो पाचित्तिय वर्गातला, म्हणजे दोष कबूल करून शुद्ध होण्याचा. सागतांना संघाबाहेर काढले नाही.

शिक्षा देण्याची रीतही ठरलेली होती. चुल्लवग्गात भिक्खूवर निर्भर्त्सनेची कारवाई कशी करावी ते सांगितले आहे. आधी त्याच्यावर दोष ठेवायचा, त्याला आठवण करून द्यायची, कोणता नियम मोडला ते सांगायचे आणि मग संघापुढे प्रस्ताव मांडायचा. त्याच्या अनुपस्थितीत, त्याला न विचारता केलेली कारवाई धम्माला धरून नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आजच्या कायद्यातले आरोपपत्र, सुनावणी आणि सकारण आदेश याहून फार वेगळे काय आहेत?

विनयपिटकातच एक गंमतीची नोंदही आहे. पिलिंदवच्छ भिक्खूंना डोकेदुखीचा त्रास होता. इतर उपाय लागू पडेनात, तेव्हा तथागतांनी औषधी धूर ओढण्याची आणि त्यासाठी नळी वापरण्याची परवानगी दिली. काही भिक्खूंनी लगेच सोन्याचांदीच्या नळ्या वापरायला सुरुवात केली आणि त्या बंद कराव्या लागल्या. रंगीबेरंगी व्हेप पेन मिरवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्येही दिली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुटी द्यावी. व्यसन हा आजार मानला, आणि वैद्यकशास्त्र निकोटिनच्या व्यसनाला तसेच मानते, तर पहिली पायरी उपचाराची येते.

प्रत्यक्षात काय करावे

खोलीत बोलावले की आधी शांत राहा आणि राजीनाम्यावर सही करू नका. "उद्या उत्तर देतो, आरोप लेखी द्या" एवढेच म्हणा. दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने कळवा की राजीनामा दबावाने घेतला आहे आणि तो मी मागे घेत आहे. महिनाभराने केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही. ओढली असेल तर धडधडीत खोटे बोलू नका. कॅमेऱ्याचे चित्रण चौकशीत मागवता येते; खोटे उघडे पडले की मूळ चूक किरकोळ असूनही विश्वास गमावल्याचा नवा आरोप उभा राहतो. चूक मान्य करून, पहिलीच वेळ असल्याचे सांगून, समज द्यावी अशी विनंती करणे पुष्कळदा जास्त उपयोगी ठरते. रक्त किंवा लघवीच्या तपासणीत कोटिनिन सापडले, एवढ्याने कामावर ई-सिगारेट ओढल्याचे सिद्ध होत नाही. तंबाखू, मिश्री किंवा निकोटिनच्या गोळ्या खाणाऱ्याच्या शरीरातही ते सापडते.

निलंबित केले तर संहितेनुसार पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. चौकशीच नको, आपोआप सेवा संपली, असे पत्र आले तर डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा १९९३ चा निकाल लक्षात ठेवा. गैरहजेरीमुळे आपोआप नाव कमी झालेल्या त्या कामगाराला सर्वोच्च न्यायालयाने, बाजू मांडायची संधी न देता उपजीविका हिरावता येत नाही, असे सांगून पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि निम्मे मागचे वेतनही दिले.

नोकरी गेलीच तरी देणी बुडत नाहीत. वेतन संहितेनुसार कामावरून काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करायचे असते. भविष्यनिर्वाह निधी शिक्षा म्हणून जप्त होत नाही. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत आता एक वर्ष पुरते. मालमत्तेचे नुकसान, हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशाच कारणांनी ती रोखता येते. वाफ ओढणे यात बसवायला बरीच कसरत करावी लागेल.

१९७१ च्या राज्य कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करायची मुदत ९० दिवसांची आहे. ती चुकली तर संहितेखाली समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. तिथे बडतर्फीपासून दोन वर्षांची मर्यादा आहे, पूर्वी ती तीन वर्षांची होती. व्यवस्थापकीय पदावरच्यांना हे दोन्ही मार्ग सहसा मिळत नाहीत. त्यांना नेमणुकीच्या कराराच्या आधारे दिवाणी दाद मागावी लागते. कंत्राटी कामगाराने ठेकेदाराचे नाव, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हाताशी ठेवावा. बहुतेक वेळा आपला मालक कोण, हे सिद्ध करण्यातच त्याची पहिली लढाई जाते.

वकिलाच्या फीसाठी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हा दर्जा आहे, म्हणून जातीचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. व्यसन सोडण्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तिथे फोन केल्याची तारीख लिहून ठेवा, उपचाराची कागदपत्रे जपा आणि चौकशीत तीही सादर करा.